यादीतल्या बायका आणि आडवी बाटली

(महसूल खात्यात 31 वर्षं काढून मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. गावच्या कारभाराबद्दलच्या तुमच्या पत्रांना इथे उत्तरं देते. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यावरच जास्त जागा गेली, त्याला इलाज नाही.)

प्रश्न : गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही बायकांनी सह्या गोळा केल्या. सह्यांची पडताळणी झाली, मतदान लागलं. 641 जणींनी मत दिलं. आडवी बाटली 561, उभी बाटली 58, बाद 22. आम्ही गुलाल घेऊन शाळेबाहेर उभ्या होतो. आतून निरोप आला की दुकान चालूच राहणार. यादीत 1,184 बायका आहेत, त्याच्या निम्मी मतं पडायला हवी होती, 31 कमी पडली. आमदार याहून कमी टक्क्यांवर निवडून येतात. 561 हरल्या आणि 58 जिंकल्या, ही कुठली लोकशाही? जानेवारीतल्या त्या रविवारपासून दुकानदार आम्हाला बघून हसतो.
— बचत गटाच्या एक सदस्य, बीड जिल्हा

उत्तर : ताई, अशा एका मतदानाला मी मतदान अधिकारी म्हणून गेले होते. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. सत्तरीच्या एक आजी कागद हातात घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो कागुद असा धरला तर ही बाटली आडवी हाय, आन् असा धरला की हीच उभी. मंग मी शिक्का कशावर मारू?" चित्राखाली अक्षरं होती, पण आजींना वाचता येत नव्हतं. कशावर मारा हे मी सांगायचं नव्हतं. कागदाची वरची कड कुठली, एवढंच दाखवलं. तुमची 22 बाद मतं वाचली आणि त्या आजी आठवल्या.

आता हिशेब. आपल्याकडे मतं दोन तऱ्हेने मोजतात. एक, जे आले आणि ज्यांनी मत दिलं त्यांच्यातली जास्त. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयींचं सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं ते असं. तुमचे आमदारही असेच निवडून येतात, घरी बसलेल्यांना तिथे कोणी मोजत नाही. दुसरी तऱ्हा, आलेले-न आलेले सगळे धरून निम्म्याहून जास्त. घटनेत दुरुस्ती करायची तर कलम 368 दोन्ही मागतं: सभागृहाच्या एकूण सदस्यांत बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांत दोन तृतीयांश. जे सहज उलटवता येऊ नये, त्याला कायदा चढी अट लावतो. दारू दुकानाच्या मतदानाला दुसरी तऱ्हा लावली आहे.

दुकानदारावर एवढी मेहेरबानी कशाला, असं तुम्ही म्हणाल. दारू विकणं हा काही मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. दारूबंदीकडे जाण्याचा प्रयत्न सरकारने करावा, असं घटनेचं कलम 47 म्हणतं. तरीही त्याने परवाना काढला आहे, फी भरली आहे. दीडशे माणसं एका सकाळी जमली आणि दुकान बंद झालं, असं होऊ नये हे मला पटतं. त्याला कारण आहे. "गावाने ठरवलं" हे शब्द मी नोकरीत फार वाईट प्रसंगी ऐकलेत. एका घराचं पाणी तोडलं तेही गावानेच ठरवून, आणि मयतीला कोणी जायचं नाही हेही. असल्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली वेगळा कायदा करावा लागला. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत मसुदा मांडताना गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला याचं समाधान व्यक्त केलं होतं. तेव्हा पुष्कळांना ते आवडलं नाही. तालुक्यात नोकरी केलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

म्हणून अट असण्यावर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 1,184 या आकड्यावर.

तारीख तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. बीड जिल्हा आणि जानेवारी! निम्मं गाव ऊसतोडीला, साखर कारखान्याच्या फडात, कोयता घेऊन. त्या बायका यादीत आहेत, गावात नाहीत. त्यांना मत देता आलं नाही आणि हिशेबात त्यांचं मत उभ्या बाटलीकडे गेल्यासारखंच झालं. त्यातल्या किती जणींच्या घरात दारूने काय केलंय हे तुम्हीच मला सांगाल. पण त्या सगळ्या आडवीलाच शिक्का मारणार होत्या, असं तुम्ही किंवा मी त्यांच्या वतीने बोलू नये. त्यांना विचारलं गेलं नाही, एवढंच खरं.

राहिल्या मेलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या. बारा वर्षांपूर्वी नांदायला गेलेली लेक माहेरच्या यादीत तशीच असते, आणि वारलेली सासूही. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत तिची नोंद असते, मतदार यादीत ती जिवंत असते. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, त्यामुळे तिथली घाण इथे जशीच्या तशी येते.

तेव्हा सह्यांच्या आधी यादी हातात घ्या. एकेका वॉर्डाला दोन बायका बसवा, नावं मोठ्याने वाचा. वारलेल्यांसाठी नमुना 7 आणि मृत्यूचा दाखला, जागा बदललेल्यांसाठी नमुना 8, अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी नमुना 6. सगळं बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय घरी जायचं नाही! एक मात्र सांभाळा. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं नाव "इथे राहत नाही" म्हणून कापायला जाऊ नका. ती राहते. नाव कापण्याआधी चौकशी करावी लागते ती तिच्यासाठीच, आणि उद्या तुमचं नाव कोणी कापायला निघालं तर तुमच्यासाठी. त्यापेक्षा टोळ्या परत आल्यावर, मे महिन्यात मतदान व्हावं अशी लेखी मागणी अर्जासोबतच करा.

मला विचाराल तर अट ठेवावी, पण मतदानाआधी त्या गावात यादीचं जाहीर वाचन सक्तीचं करावं. निदान मेलेल्या बाईला दुकानदाराच्या बाजूने उभं करू नये. चंद्रपूर जिल्ह्यात सरकारने 2015 साली दारूबंदी लावली आणि 2021 साली उठवली. दोन्ही वेळा निर्णय मंत्रिमंडळाचा होता, उभी-आडवी कोणाला विचारली नाही. तुम्हाला निदान विचारलं होतं. हे समाधान फार मोठं नाही, मला कबूल आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही. सभा तहकूब होते, आणि पुढच्या सभेत 19 माणसं बसून ठराव करतात. 19 जणांचा ठराव अख्ख्या गावावर कसा?
— एक शिक्षक, नाशिक जिल्हा

उत्तर : वरचं पत्र वाचलंत ना? तिथे न आलेल्यांना मोजल्याची तक्रार आहे, तुमची न मोजल्याची. गणपूर्ती म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. नाहीतर कोणीही पन्नास माणसं घरी बसवून गावाचा कारभार कायमचा थांबवला असता. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही, तेवढं बघा.

पण पहिली सभा मोडते की मोडवतात? कांदा काढणी चालू असताना दुपारी बाराची वेळ आणि दवंडी वस्तीवर पोचलेलीच नाही, हे मी पाहिलंय. याहून वाईट म्हणजे हजेरीच्या सह्या आधी घेतात आणि ठराव नंतर निवांत लिहितात. खाली कोरी जागा असलेल्या पानावर सही करू नका, सहीनंतर रेघ ओढा. ग्रामसभेआधी महिला सभा व्हायला हवी, तिचं इतिवृत्तही वाचायला मागा. आमच्या भागात एका गावी त्या इतिवृत्तात तीन वर्षं तेच सात अंगठे होते.

प्रश्न : सरपंच थेट जनतेतून निवडून आला, पण 9 पैकी 6 सदस्य आमच्या पॅनलचे. वर्षही झालं नाही, तो आम्हाला विचारत नाही. अविश्वास आणता येईल का?
— ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा

उत्तर : नाही. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतरही सदस्यांत तीन चतुर्थांश लागतात, सहा जणांत ते भरत नाहीत. भरले तरी पुढे ग्रामसभेत गुप्त मतदान आहे. थेट निवड 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली, त्यामुळे जुन्या सदस्यांनी सांगितलेल्या नियमांवर जाऊ नका.

गावाने एकाच दिवशी सरपंच त्यांचा दिला आणि सदस्य तुमचे. दोघांनाही एकट्याने कारभार करता येऊ नये असंच काहीसं गावाच्या मनात असावं. मासिक सभेत विरोध नोंदवा, हिशेब मागा, लेखी मागा. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं वीजबिल भरण्याचा ठराव मात्र अडवू नका. मोटार बंद पडली की बायका हंडे घेऊन सरपंचाच्या दारात जात नाहीत, जो सदस्य जवळ राहतो त्याच्या दारात जातात.