घरी पासपोर्ट फोटो छापायला कोणता प्रिंटर घ्यावा?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवर पासपोर्ट साइज फोटो काढून घरीच छापायचे आहेत, तर कोणता प्रिंटर घ्यावा. कोणताच घेऊ नका. फोटो घरी काढा, छापायला लॅबमध्ये द्या. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण या विषयावर आमच्या घरात इतके वाद झालेत की आता सगळं लिहूनच टाकते.

माझे धाकटे दीर ‘सगळं घरच्या घरी’ पंथाचे. दळण घरी, केस कापणं घरी, आणि त्यात एक दिवस रंगीत इंकजेट, म्हणजे पातळ शाईचा प्रिंटर आला. ‘वहिनी, आता स्टुडिओची पायरी चढायची नाही, खर्च फक्त कागदाचा!’ शाईचा खर्च त्यांच्या हिशेबात कधीच नसतो.

पुढे माझी मुलगी बाळंतपणाला इंदूरला आली. जावई जर्मनीत, त्यामुळे नातीचा पासपोर्ट लवकर हवा होता. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच छापून न्यायचा असतो, ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर, मागे पांढरं. आधी एका स्टुडिओत नेलं. त्यानं मुलीच्या मांडीवर पांढरी ओढणी टाकून बाळाला धरायला लावलं, आणि फोटोत नातीच्या कानामागून आईची चार बोटं डोकावत होती. मग घरीच काढायचं ठरलं. काढले मी, भाऊजींनी नव्हे, हे नमूद करून ठेवते.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घराला खिडक्या मोठ्या आहेत, त्याचा फायदा झाला. खिडकीशी गादी, तिच्यावर पांढरी चादर, तीही इस्त्री केलेली, नाहीतर प्रत्येक सुरकुती करडी दिसते. बाळाचं डोकं खिडकीकडे. उजेड एका बाजूनं आला की अर्धा चेहरा काळा पडतो. हनुवटीखाली सावली येत होती म्हणून नवऱ्याला पायाशी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून बसवलं. ट्यूबलाइट बंद, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की पांढरी चादर एकीकडे पिवळी आणि एकीकडे निळी येते. फोन तोंडाजवळ न्यायचा नाही, नाक बटाट्यासारखं फुगतं. लांब उभं राहून दुप्पट झूम करायचं. ब्यूटी, फिल्टर वगैरे सगळं बंद. मुलगी माझ्या पाठीमागून वाटी-चमचा वाजवत होती आणि मी बटण दाबूनच ठेवलं होतं. त्या ढिगातून डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मान सरळ असा एक फोटो निघाला. सुरेख होता.

‘आता पुढचं खातं माझं,’ म्हणत भाऊजींनी प्रिंटर काढला. दिवाळीनंतर तो कुणी चालवलाच नव्हता. निळी शाई वाळून बसलेली, त्यामुळे नात लालबुंद, वर आडव्या रेघा. मग हेड क्लीनिंग, म्हणजे शाईची छिद्रं साफ करणं, पुन्हा क्लीनिंग. हे क्लीनिंगही शाई खर्च करूनच होतं, हे लोकांना माहीत नसतं. शेवटी रंग बरा आला तेव्हा मी स्टीलची पट्टी लावली. साडेतीनच्या जागी तीन पूर्णांक तीन दशांश! ‘फिट टू पेज’ चालू होतं. ते कागदाला कडा सोडतं आणि सगळं चित्र आक्रसतं. बॉर्डरलेस केलं तर उलट, चित्र थोडं फुगवून कडा कापतं.

‘दोन मिलिमीटरनं काय बिघडतंय?’ हे मला, चित्रकला शिकवलेल्या बाईला, ऐकवलं जात होतं. वर एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचा दाखला! तेही १८६६ मध्ये इथे इंदुरात पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणूनच लागले होते, कॅमेरा नंतर हातात घेतला, मग आपण का नाही? मी म्हटलं, भाऊजी, त्यांनी पुढे नोकरी सोडून तेच केलं. तुम्ही प्रिंटर दिवाळीला पूजेपुरता उघडता.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. जाण्याआधी चार बाय सहा इंचाचं पान जुळवलं, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १८०० बाय १२०० पिक्सेल. एक फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा, असे आठ बसतात. उरलेल्या कडेत बरोबर पाच सेंटिमीटरची एक रेघ ओढली, म्हणजे छापून आल्यावर फोटो न कापता नुसती रेघ मोजायची. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आंटीजी, पूरा फिट कर दूँ?’ मी म्हटलं, भैया, हाथ भी मत लगाना. रेघ पाच भरली. पोह्यांच्या प्लेटपेक्षा कमी पैशांत आठ फोटो, आणि पासपोर्ट केंद्रात कुणी हूं की चूं केलं नाही.

आता काही गोष्टी राहिल्या. तुमचा स्वतःचा पासपोर्ट काढायचा असेल तर यातलं काहीच लागत नाही, मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रात तेच काढतात. जर्मनीच्या व्हिसालाही साडेतीन बाय साडेचारच चालतो, पण मोठ्या माणसाचा चेहरा त्यात ३२ ते ३६ मिलिमीटर भरावा लागतो, म्हणून तो वेगळा कापा. अमेरिकेला दोन बाय दोन इंच लागतो, आणि २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा चालत नाही. त्यांच्या ऑनलाइन फॉर्मला चौरस फाइलच जोडायची असते. मोठ्यांचा फोटो काढताना भिंतीला चिकटून उभे राहू नका, तीन-चार फूट पुढे या, सावली जाते.

रोज रंगीत छपाई होत असेल तर इंकजेट घ्या बापडे, तो वापरात राहिला तर चांगला चालतो. पण रोजची छपाई नसूनही प्रिंटर घ्यायचाच हट्ट असेल तर काळापांढरा लेझर घ्या, फॉर्म आणि तिकिटं छापायला. त्यात शाई नसते, पूड असते, सहा महिने बंद राहिला तरी वाळत नाही. भाऊजींना हे मी दुकानात उभं राहून सांगितलं होतं, नवरा साक्षीला आहे.