वाचकांचे प्रश्न : जबड्याने खाणारा पतंग

प्रश्न : लेक न्यूझीलंडमध्ये नेल्सनला नोकरीला असते. ओढ्याकाठच्या जंगलात, भर दिवसा, नेच्याच्या पानांवर तिला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची सोनेरी पाखरं दिसली. फोटो सोबत पाठवतो आहे. ही कसर तर नव्हे? जॅकेटवर बसून घरात शिरली तर लोकरीचे कपडे कुरतडतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : स्वेटर खुशाल कपाटात राहू द्या. फोटोतला हा पतंग सबाटिंका प्रजातीतला असावा. नेमकी जाती मात्र फोटोवरून ठरवू नये, या मताची मी आहे. कसरीची अळी लोकर खाते. याची अळी ओल्या काठावरचं लिव्हरवर्ट, म्हणजे शेवाळ्यासारखी जमिनीलगत पसरणारी वनस्पती.

लेकीला भिंगातून त्याचं तोंड बघायला सांगा. फुलपाखरं आणि बहुतेक पतंग सोंडेने रस शोषतात. आपल्या सह्याद्रीतला ॲटलास पतंग तळहाताहून मोठा, पण त्याचं तोंडच निकामी. अळी असताना जे खाल्लं त्यावरच तो दिवस काढतो. आणि हा एवढासा जीव चक्क जबडे वापरतो! नेच्याचे बीजाणू, फुलांचे परागकण हे त्याचं जेवण. त्यांची टणक कवचं तोंडातल्या छोट्या पोकळीत, खलबत्त्यात कुटावीत तशी फुटतात.

सोंड येण्याआधीच्या काळातली ही रीत. ब्रह्मदेशातल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या झाडाच्या चिकात, याच्या कुलातले पतंग अडकलेले सापडले आहेत. काही जण याला ‘मागासलेला’ म्हणतात, ते मला पटत नाही. पोट भरतंय, मग सोंड हवी कशाला?

या प्रजातीला सबाटिंका हे नाव फ्रान्सिस वॉकरने १८६३ मध्ये दिलं. तिच्यातली ऑरेला ही जाती १९१८ मध्ये जॉर्ज हडसनने नोंदवली. हा वेलिंग्टनच्या पोस्टातला नोकरदार. कामावरून सुटल्यावर किडे गोळा करायला उजेड पुरावा म्हणून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा, असं त्याने १८९५ मध्येच सुचवलं होतं. सप्टेंबरअखेर लेकीचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि तुमची फोनची वेळ चुकते ना, त्या कल्पनेचा एक जनक हाच! पुढे त्याचा नातू जॉर्ज गिब्ज यानेही याच पतंगांचा अभ्यास केला.

आणि हो, डबीत भरून आणायला सांगू नका. तिथल्या संरक्षित जंगलात परवान्याशिवाय कीटक गोळा करता येत नाहीत. पुढचा फोटो थोडा जवळून काढा, डोक्यावरचे केस दिसतील असा.