पतीत: दोन सिलॅबल की तीन?

तुमचे दोन प्रश्न: 'लहान' या अर्थाच्या 'पती' या फ्रेंच विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप 'पतीत' वहीत तीन सिलॅबलमध्ये, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांत, तोडलंय, मग ऑडिओत दोनच का ऐकू येतात? आणि 'इन्युतील'मध्ये (निरुपयोगी) उपसर्ग 'इन' असताना तोड 'इ'पाशी का?

(पती आणि पतीत ऐकून वर्ग दरवर्षी खिदळतो. हसून घ्या, शब्द पक्का बसतो.)

पहिल्या प्रश्नात वहीही बरोबर आणि ऑडिओही. पुल्लिंगी रूपाच्या शेवटी टी (t) लिहितात, पण बोलत नाहीत. स्त्रीलिंगासाठी पुढे ई (e) हे अक्षर लागतं. ते स्वतः मुकं राहतं आणि टीला मात्र बोलकं करतं. लिहिताना टी त्या ई-बरोबर जातो, म्हणून प-ती-त असे तीन तुकडे. बोलताना ई गळतो आणि टी मागच्या सिलॅबलला चिकटतो: प-तीत. आपण 'घर'मधला शेवटचा अ लिहितो, पण म्हणतो 'घर्', तसंच. फ्रान्सच्या दक्षिणेत, मार्सेय-तुलूझकडे, हा ई बऱ्याचदा हलका ऐकू येतो. जुन्या बारा सिलॅबलच्या फ्रेंच छंदातही पुढे व्यंजन आलं तर तो मोजतात, नाहीतर ओळीतले बारा सिलॅबल भरायचे नाहीत.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्त्रीलिंगी रूप आधी पाठ करायला लावतो. पुल्लिंगात दडलेलं व्यंजन तिथे उघडं पडतं: ग्राँ-ग्राँद (मोठा-मोठी), उरो-उरोझ (आनंदी). उलट्या दिशेने गेलात तर 'द' की 'झ' हे नुसतं ऐकून सांगता येत नाही.

आता 'इन्युतील'. अर्थाने तोडाल तर इन + युतील, म्हणजे नाही + उपयोगी. जीभ मात्र इ-न्यु-तील म्हणते, कारण दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन फ्रेंचमध्ये पुढच्या स्वराकडे जातं. यात नवल काही नाही. अन् + उपयोगी = अनुपयोगी, आणि आपण म्हणतो अ-नु-प-यो-गी. 'अन्-उपयोगी' असं थांबून कोण बोलतं? पुढे व्यंजन आलं की मात्र तोच उपसर्ग बहुतेकदा नाकात जातो: अँ-का-पाब्ल, म्हणजे असमर्थ. इथे न वेगळा उच्चारायचाच नाही. आपल्याकडची मुलं नेमकी इथे 'इन्कापाब्ल' म्हणतात.

दोन व्यंजनं आली तर साधारणपणे मधून तोडा. दुसरं र किंवा ल असेल तर बहुतेकदा जोडी फोडायची नाही: 'आग्रेआब्ल' (सुखद) हा आ-ग्रे-आब्ल, आग-रे नव्हे.

एक गंमत राहिली. मुका टी पुढच्या शब्दाच्या स्वराला भेटला की पुल्लिंगातही बऱ्याचदा जागा होतो. त्यामुळे बॉयफ्रेंडही 'प-ती-ता-मी' ('पती' + 'आमी', म्हणजे मित्र) आणि गर्लफ्रेंडही 'प-ती-ता-मी'. 'माझा' असेल तर आधी 'मों' येतं, 'माझी' असेल तर 'मा', त्यावरूनच ओळखायचं.