केमो सुरू असताना एकच पाय सुजला तर?

आईची केमो सुरू आहे, डावा पाय तेवढा सुजलाय, कॅन्सरचा याच्याशी काय संबंध, असं तुम्ही विचारलंय. संबंध आहे, आणि जवळचा आहे: शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. आजच दाखवा, सोमवारची वाट बघू नका.

माझी मावशी इथे सोलापुरातच, जन्मभर विड्या वळल्या तिनं. दुसऱ्या केमोनंतर एका पायातलं पैंजण रुतायला लागलं. बसून बसून सूज आली असेल म्हणून आम्ही चार दिवस तेल चोळत राहिलो. तसं अजिबात करू नका. डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, मांडीच्या शिरेत गुठळी निघाली, मग रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची रोज पोटावर सुई.

कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारे घटक सोडतात, त्यात काही केमोंनी शिरांचं अस्तर दुखावतं. कॅन्सर आणि गुठळीचं नातं पॅरिसचे डॉ. आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्येच मांडलं होतं. पुढे स्वतःच्याच शिरेतल्या गुठळीवरून त्यांनी आपला कॅन्सर ओळखला. कॅन्सरतज्ज्ञ डॉ. अलोक खोराना यांनी २००८ मध्ये तर साध्या रक्ततपासणीवरून गुठळीचा धोका मोजायची पद्धत दिली; गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. जठर किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरला २ गुण. केमोआधी प्लेटलेट साडेतीन लाख किंवा वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली, पांढऱ्या पेशी ११ हजारांवर, लठ्ठपणा फार, यांना एकेक. आईचा केमोआधीचा रिपोर्ट फाईलमध्ये असेलच, तो सोबत न्या.

अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा.