रिचमंड 2026 : फायनल्स नाहीत, पण मेंबरशिप जरूर घ्या

तुमचा प्रश्न असा, की 2024 ला अगदी तळाशी आणि 2025 ला तळातून दुसरा आलेला रिचमंड, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएल लीगमधला मेलबर्नचा संघ, 2026 मध्ये फायनल्स (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) गाठेल का, आणि गाठणार नसेल तर क्लबच्या मेंबरशिपला, म्हणजे हंगामभर सामने बघायच्या पासला, पैसे घालावेत का. मी सोळा वर्षं मेलबर्नमध्ये आहे आणि त्यातली बरीच वर्षं रिचमंडच्या पिवळ्या-काळ्या स्कार्फमध्ये काढली आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. फायनल्स नाहीत. मेंबरशिप मात्र जरूर घ्या.

2026 पासून फायनल्समध्ये आठांऐवजी दहा संघांना संधी आहे. सातवा-दहावा आणि आठवा-नववा अशी एक जादा फेरी आली आहे, त्यामुळे बऱ्याच जणांच्या आशा वाढल्यात. पण 2025 मध्ये दहाव्या आलेल्या सिडनी संघाचे 12 विजय होते आणि आपले 23 सामन्यांत पाच. एका उन्हाळ्यात एवढं अंतर भरून निघत नाही.

यावर कुणीतरी तुम्हाला 2016 चा दाखला देईलच. तेव्हा आपण तेरावे होतो, शेवटच्या सामन्यात सिडनीने 113 गुणांनी धुतलं होतं, आणि पुढच्याच वर्षी 37 वर्षांनी अजिंक्यपद आलं. त्या रात्री मी रिचमंडमधल्या स्वान स्ट्रीटवर होतो, अनोळखी म्हातारी माणसं गळ्यात पडून रडत होती, ते मी कधीच विसरणार नाही. पण ती तुलना इथे लागू होत नाही. 2016 चा संघ तयार माणसांचा होता. मार्टिन, कॉचिन, रान्स, रीवोल्ट हे सगळे ऐन भरात होते आणि त्याआधी 2013, 14 आणि 15 अशी तीन वर्षं फायनल्स खेळून आले होते. तिथे घडी बसवायची बाकी होती. आज माणसंच घडायची आहेत.

2024 च्या शेवटी काय झालं ते समजलं की चित्र स्पष्ट होतं. डस्टिन मार्टिन आणि ग्राइम्स निवृत्त झाले. बोल्टन फ्रीमँटलला गेला, रिओली गोल्ड कोस्टला, बेकर आणि ग्रॅहम वेस्ट कोस्टला. क्लबने कुणाला धरून ठेवण्याचा हट्ट केला नाही, बदल्यात ड्राफ्टच्या निवडी घेतल्या (ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडायचे). त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या 28 नावांपैकी सात आपली होती : लॅलर, स्मिली, हॉटन, फॉल, ट्रेनर, आर्मस्ट्राँग, सिम्स. घाईचं कारणही रास्त होतं. 2028 मध्ये टास्मानियाचा नवा संघ उतरतोय आणि त्याच्या उभारणीसाठी ड्राफ्टमध्ये त्यांना झुकतं माप मिळणार आहे. म्हणजे चांगली पोरं घ्यायची तर आत्ताच घ्यायला हवी होती. 2025 च्या ड्राफ्टमध्येही कमिंग आणि ग्रल्य ही दोन वरची नावं आली. माझ्या मते निर्णय बरोबर होता, भले दोन-तीन वर्षं जिवावर येवोत.

तेव्हा 2026 मध्ये गुणतालिका कमी बघा आणि ही पोरं एकत्र किती सामने खेळतात ते मोजा. माझी खरी काळजी तीच आहे. 2024 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला सॅम लॅलर बॅलराटकडचा, अंगाने दणकट, टॅकल झटकून पुढे जातो. पण 2025 मध्ये दुखापतींनी त्याचा जवळजवळ अर्धा हंगाम खाल्ला. हॉटन तर गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठून संघात आला. लॅलर 18-20 सामने खेळला, तर विजय सहा असोत की चार, मी वर्ष चांगलं गेलं म्हणेन.

दुसरी गोष्ट गोलसमोरची. टॉम लिंच आता 33 चा आहे आणि अजूनही चेंडू आधी त्याच्याचकडे उंच मारला जातो. फॉल आणि आर्मस्ट्राँग यांनी तो भार उचलायला हवा. लिंच असताना शिकले तर ठीक, तो गेल्यावर शिकायचं म्हटलं तर फार मार खावा लागेल. मागच्या फळीची मला चिंता नाही, व्लास्टन आहे तोवर तिथे शहाणपण आहे. मधल्या फळीत टरान्टो आणि हॉपर चेंडू जिंकून आणतात, पण तो पुढे नीट पोचवणारे पाय कमी पडतात.

नुसत्या वरच्या निवडींनी काम होत नाही, हेही मनाशी धरा. नॉर्थ मेलबर्न 2020 ते 2025 या सहा वर्षांत सोळाव्याच्या वर एकदाही गेला नाही, आणि तिथेही वरच्या निवडी रग्गड होत्या. उलट हॉथॉर्न 2023 ला सोळावा होता, 2024 चे पहिले पाच सामने हरला, तरी सातवा येऊन एक फायनलही जिंकला. फरक असा की हॉथॉर्नच्या तरुणांभोवती कामाला येतील अशी पंचविशीतली माणसं होती. आपल्याकडे नेमकी ती मधली पिढीच बाहेर गेली. म्हणून मी फायनल्ससाठी 2028 धरतो, त्याआधी नाही. तोवर प्रशिक्षक अ‍ॅडम येझला वेळ द्यायला हवा. दोन पराभवांनंतर त्याच्या हकालपट्टीची ओरड सुरू होईल, तिच्यात सामील होऊ नका.

आता मेंबरशिपचं. जून 2024 मध्ये आपण तळाशी असताना मार्टिनच्या 300 व्या सामन्याला एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) 92 हजारांवर लोक आले होते. 2025 च्या पहिल्या सामन्यात कार्लटन 41 गुणांनी, म्हणजे जवळजवळ सात गोलांनी (एका गोलला सहा गुण) पुढे होता. तिथून या पोरांनी 13 गुणांनी सामना काढला, आणि लॅलरचा तो पदार्पणाचा दिवस होता. असे दिवस वर्षात दोन-तीनच येतात आणि कधी येतील ते आधी कळत नाही, म्हणून दर आठवड्याला जायचं. रहाणेने 2020 च्या डिसेंबरमध्ये शतक ठोकलं तेच हे मैदान, त्यामुळे तुम्हाला ते परकं वाटणार नाही. रिचमंड स्टेशनला उतरा आणि मैदानाच्या पंट रोडकडच्या टोकाला बसा. आपला चिअर स्क्वॉड, म्हणजे घोषणा देणारे कट्टर पाठीराखे, तिथेच असतो, आणि शेजारच्याला नियम विचारलात तर तो चारही क्वार्टर समजावत बसेल.