‘आप्पा फोनवर तर छान बोलतात!’

प्रिय सूनबाई, नाशिकरोड,

प्रेसमधून रिटायर झालेले तुमचे सासरे रोज संध्याकाळी चप्पल घालून दाराशी उभे राहतात, ‘सेकंड शिफ्टला उशीर होतोय’ म्हणून. पेन्शन तुम्हीच चोरली असं शेजाऱ्यांना सांगत फिरतात. पुण्याच्या दिरांना मात्र ते फोनवर ठणठणीत वाटतात. परवा तुम्ही आप्पांवर ओरडलात आणि रात्रभर रडलात.

आधी दिरांचं बघू. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेला माणूस फोनवर दहा मिनिटं झकास बोलू शकतो. जुन्या आठवणी, रोजची ठरलेली वाक्यं बराच काळ टिकतात. सकाळी जेवलो का, ते आठवत नाही. त्यामुळे दीर खोटं बोलत नाहीत, त्यांना दिसतच नाही. त्यांना चार दिवस बोलवा आणि तुम्ही माहेरी जा. तुम्ही घरात असलात तर ते पाहुणे होतील आणि त्यांचाही स्वयंपाक तुमच्याच गळ्यात पडेल. तुमच्या यजमानांचा उल्लेख पत्रात एकदाच आहे, तोही ‘उशिरा येतात’ एवढाच. रविवार त्यांच्याकडे द्या.

चोरीचं म्हणाल तर शपथा घेऊ नका. आप्पा स्वतःच पैसे कुठेतरी ठेवतात आणि विसरतात. मग ‘कुणीतरी नेले’ एवढंच त्यांना पटतं. ‘चला, शोधू’ म्हणा. उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा बघा. शेजाऱ्यांना आजाराचं नाव सरळ सांगून टाका, लपवण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी गोंधळ वाढणं या आजारात नेहमीचंच. ‘तुम्ही केव्हाच रिटायर झालात’ हे ऐकून ते चिडणारच. ‘चला, सोडते’ म्हणत कॉलनीत एक फेरी मारून आणा. अंधारायच्या आधी दिवे लावा, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. एक-दोन दिवसांत एकदम बिघडले तर लगेच डॉक्टर गाठा. लघवीच्या संसर्गानेही असं होतं. बी१२ आणि थायरॉइड तपासलंय ना?

बँकेचं, मृत्युपत्राचं काम मात्र त्यांना समजतंय तोवरच करा. समज गेल्यावर मुखत्यारपत्र चालत नाही, पालक नेमायला कोर्टात जावं लागतं.

ओरडलात, ते थकव्यामुळे. फारच असह्य झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. पण आधी पुण्याला फोन करा आणि तारीख मागा. ‘बघतो’ म्हणाले तर फोन ठेवू नका.