सही करायच्या आधी

पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. एकीकडे रेडिओ ऑर्केस्ट्रातली पगाराची जागा, दुसरीकडे त्या बड्या कंडक्टरच्या नावावर उभा राहणारा नवा ऑर्केस्ट्रा, आणि तुझा कल अर्थातच नावाकडे. तुझ्या वयात माझाही तिकडेच गेला असता. पण मी तुला एकच विचारतो, पगार कुठून येणारे?

बीबीसी सिम्फनीचं बघ, म्हणजे ब्रिटनच्या बीबीसी रेडिओचा ऑर्केस्ट्रा. त्याआधी लंडनमध्ये बदलीचा कारभार होता, म्हणजे काम एकाने घ्यायचं, जास्त पैशाचं दुसरं मिळालं की रिहर्सलला भलत्यालाच पाठवायचं, आणि कॉन्सर्टला तिसराच येऊन बसायचा. आमच्या रेकॉर्डिंगच्या धंद्यातही चालायचं हे, मीसुद्धा केलंय, खोटं कशाला बोलू. बीबीसीने १९३० मध्ये ११४ वादक कायम पगारावर घेतले, बदली बंद, अॅड्रियन बोल्ट कंडक्टर, आणि २२ ऑक्टोबरला क्वीन्स हॉलमध्ये पहिला कॉन्सर्ट. पैसा तिकिटांवर अवलंबून नव्हता, घरोघरचे लोक रेडिओच्या लायसन्सचे वर्षाला १० शिलिंग भरायचे त्यातून यायचा. (आपल्याकडेही पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायला लागायचं, आजीला विचार.)

त्याने झालं काय, की हॉल भरेल का ही धास्ती गेली. बोल्टने १९३४ मध्ये आल्बान बेर्गचा 'वोत्सेक' हा नव्या धाटणीचा अवघड ऑपेरा अख्खा वाजवून घेतला, तिकीट विकणाऱ्या कुठल्या मॅनेजरने हा जुगार खेळला असता सांग. आणि बसायची जागा म्हणशील तर लंडनमधला मेडा व्हेल स्टुडिओ, १९३४ पासून तिथे, मुळात ते स्केटिंगचं रिंक होतं! युद्ध आलं तशी सगळी मंडळी आधी ब्रिस्टलला हलवली, १९४१ मध्ये बेडफर्डला, त्याच वर्षी मे महिन्यात बॉम्ब पडून क्वीन्स हॉल जळाला, पण ऑर्केस्ट्रा वाजतच राहिला.

आता तोस्कानिनीचं, तो जगप्रसिद्ध इटालियन कंडक्टर. न्यूयॉर्कच्या एनबीसी रेडिओ कंपनीने १९३७ मध्ये खास त्याच्यासाठी ऑर्केस्ट्रा जमवला, म्हातारा तेव्हा ७० चा, नजर अधू म्हणून सगळं पाठ. १७ वर्षं काय वाजवलं असेल त्या लोकांनी, रेकॉर्डिंग ऐक, अंगावर काटा येतो. मग ४ एप्रिल १९५४ ला कार्नेगी हॉलमध्ये वाग्नर चालू असताना मध्येच त्याची स्मृती गेली, रेडिओवर घाईघाईने ब्राम्सची रेकॉर्ड लावली, आणि तो शेवटचाच कॉन्सर्ट ठरला. त्याच्यामागोमाग कंपनीने ऑर्केस्ट्राही बंद केला. वादकांनी 'सिम्फनी ऑफ द एअर' नावाने स्वतःच चालू ठेवला, ९ वर्षं रेटला, १९६३ मध्ये संपला. वादक तेच, हात तेच, फक्त पगार देणारी कंपनी गेली, गं.

म्हणून रेडिओची नोकरी म्हणजे सोन्याची खाण असं समजू नकोस हां. तिथे माणूस नियमाखाली चिरडला जातो. खुद्द बोल्टला साठीच्या नियमावर बोट ठेवून १९५० मध्ये निवृत्त केलं, ज्याने उभा केला त्यालाच! तो गुपचूप लंडन फिलहार्मोनिक या दुसऱ्या ऑर्केस्ट्राकडे गेला आणि पुढे कित्येक वर्षं कंडक्ट करत राहिला. १९८० मध्ये पैसे वाचवायला बीबीसी आपले पाच ऑर्केस्ट्रा बंद करायला निघाली तेव्हा वादक संपावर गेले, प्रॉम्स या बीबीसीच्या दर उन्हाळ्यातल्या संगीत महोत्सवाचे सुरुवातीचे कितीतरी कॉन्सर्ट रद्द झाले, आणि बीबीसीला मागे यावं लागलं, पूर्ण नाही पण बरंच. २०२३ मध्ये परत तेच, इंग्लंडमधल्या ऑर्केस्ट्रांतल्या २० टक्के पगारी जागा कमी करायची घोषणा, परत बोंबाबोंब. दरवेळी वाचवायला युनियन होती आणि ऐकणारे लोक होते. एनबीसीच्या वादकांच्या वेळी मालकाचं मन भरलं आणि विषय संपला.

मोठ्या माणसाच्या हाताखाली वाजव, जरूर वाजव, बीबीसीच्या लोकांनीही १९३५ पासून तोस्कानिनीला पाहुणा म्हणून बोलावून त्याच्याकडून शिकून घेतलंच की! पण तो गेला की तुझी खुर्ची राहते का, हे त्या कागदावर कुठे लिहिलंय ते मला दाखव.

दोन्ही कॉन्ट्रॅक्टचे फोटो पाठव, नोटीस पिरियडचं पान विसरू नकोस. आणि रविवारी सकाळी फोन नको, क्लास असतो, पोरं स्केल वाजवत असतात त्यात काही ऐकू येत नाही.